रेडियन्समध्ये खिडकी मोठी केली तरी खोलीतला उजेड तोच येतो: कारणं आणि उपाय

रेडियन्स हा खोलीतल्या उजेडाचा हिशेब करून चित्र काढणारा प्रोग्राम. त्यातलं हे लक्षण नेहमीचं आहे. खिडकी दीड मीटरची अडीच मीटर केली, रेंडर पुन्हा लावलं, जमिनीवरचा उन्हाचा पट्टा रुंद झाला. पण छत होतं तेवढंच अंधारं, आणि मागच्या भिंतीजवळचा लक्सचा आकडा जागचा हलत नाही. काही वेळा याच्या उलट होतं. काहीच बदललेलं नसताना कालचं आणि आजचं उत्तर वेगळं येतं. रेडियन्सवर शंका घेऊन ते पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नका. दहातल्या नऊ वेळा दोष फोल्डरमध्ये उरलेल्या जुन्या फायलींचा असतो, आणि उरलेल्या एका वेळी आकाशाच्या फाइलमधल्या उणे चिन्हाचा.

खाली कमांड आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायची. अक्षर मोठं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘-एबी’ म्हणजे उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ए, बी ही अक्षरं. आकडेही अर्थातच इंग्रजी.

आधी अँबियंट फाइल

आरपिक्टला (चित्र रेंडर करणारी कमांड) किंवा आरट्रेसला (ठरावीक जागांचे आकडे काढणारी कमांड) ‘-एएफ’ देऊन अँबियंट फाइल जोडली, की भिंतींवरून परावर्तित होऊन आलेल्या उजेडाचे हिशेब त्या फाइलमध्ये साठत जातात. प्रत्येक नोंदीत जागा, पृष्ठभागाची दिशा आणि तिथला अप्रत्यक्ष उजेड असतो. पुढच्या रेंडरमध्ये त्या जागेजवळ जुनी नोंद सापडली, तर प्रोग्राम नवे किरण सोडतच नाही, जुना आकडा उचलतो. वेळ वाचतो तो इथेच, आणि घात होतो तोही इथेच. खिडकी बदलली आहे हे त्या फाइलला कळत नाही. सूर्याचा थेट प्रकाश मात्र दर वेळी नव्याने मोजला जातो. म्हणून उन्हाचा पट्टा नवा आणि छत जुनं, अशी खिचडी चित्रात दिसते. ती दिसली की दुसरं काही तपासायची गरज नाही, अँबियंट फाइल काढून टाका:

आरएम -एफ खोली.एएमबी

आणि पुन्हा रेंडर.

भूमिती, मटेरियल, आकाश किंवा परावर्तन किती वेळा आणि किती बारकाईने मोजायचं ते ठरवणाऱ्या ‘-एबी’, ‘-एए’, ‘-एडी’, ‘-एएस’, ‘-एआर’ यांतला एखादा आकडा, यापैकी काहीही बदललं तर अँबियंट फाइल काढायची. फक्त कॅमेरा हलवला असेल तर ती ठेवायची, उलट मुद्दाम वापरायची. आधी ६४ बाय ६४ पिक्सेलचं छोटं रेंडर चालवून त्याचं चित्र फेकून द्यावं आणि भरलेली अँबियंट फाइल मोठ्या रेंडरला द्यावी. मोठं चित्र त्यामुळे जास्त एकसारखं येतं. एकाच मॉडेलवर २१ मार्च, २१ जून, २२ डिसेंबर अशा तारखा चालवायच्या असतील, तर प्रत्येक तारखेची आणि वेळेची फाइल वेगळ्या नावाची हवी. ‘खोली_जून२१_१२.एएमबी’ हे नाव लांबलचक वाटेल, पण ‘टेस्ट.एएमबी’ या नावाने जितके अहवाल बिघडवले असतील तितके कुठल्याच बगने बिघडवले नसतील.

मग ऑक्ट्री

ओकॉन्व्ह ही कमांड मॉडेलची भूमिती आणि मटेरियल असलेल्या डॉट रॅड फायलींतून ऑक्ट्री बनवते. ऑक्ट्री म्हणजे कुठली वस्तू कुठल्या घनात आहे याची वाटणी. साधी ऑक्ट्री बनवताना मूळ फायलींची फक्त नावं आत जातात, मजकूर जात नाही. रेंडर सुरू झालं की आरपिक्ट त्या फायली नव्याने वाचतो. याचे परिणाम नीट समजून घ्यावेत.

वस्तूंची संख्या बदलली, तर आरपिक्ट ‘ऑक्ट्री स्टेल?’ असं विचारून थांबतो. हे बरं. पण संख्या तीच ठेवून नुसते कोपऱ्यांचे निर्देशांक बदलले, तर तो थांबत नाही. वाटणी जुनी आणि भिंत नवी, त्यामुळे भिंतीचा काही भाग किरणांना सापडतच नाही. चित्रात भोक पडतं, किंवा बंद खोलीत कुठूनतरी उजेड शिरतो. भूमितीला हात लागला की ओकॉन्व्ह पुन्हा चालवायचंच, एरर आली नाही तरीही.

मटेरियलचं वेगळं आहे. भिंतीचं परावर्तन ०.५ वरून ०.७ केलं तर साध्या ऑक्ट्रीला ते आपोआप कळतं, कारण मटेरियलची फाइल पुन्हा वाचली जाते. अँबियंट फाइल तेवढी काढा. ‘-एफ’ देऊन गोठवलेली ऑक्ट्री असेल, तर सगळा मजकूर आतच असतो. मग डॉट रॅड फाइलमध्ये कितीही खाडाखोड करा, रेंडरवर परिणाम शून्य. अनेकांना आपली ऑक्ट्री गोठलेली आहे हेच माहीत नसतं. ओकॉन्व्हला एखादी फाइल पाइपमधून, म्हणजे एकट्या ‘-’ चिन्हाने दिली, की ऑक्ट्री आपोआप गोठते. सूर्य आणि आकाश लिहून देणाऱ्या जेनस्काय या कमांडचं आउटपुट थेट ओकॉन्व्हला पाजणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हेच होतं.

ऑक्ट्री कशी बनली होती हे विसरलात तर:

गेटइन्फो खोली.ऑक्ट

ती नेमक्या कुठल्या कमांडने बनवली ते हेडरमध्ये लिहिलेलं असतं. चित्राच्या फाइलवरही हीच कमांड चालते आणि कोणत्या पॅरामीटरने रेंडर झालं ते सांगते. ‘हे चित्र कुठल्या सेटिंगचं?’ यावर ऑफिसात वाद घालण्यापेक्षा हे स्वस्त.

ओकॉन्व्ह ‘अनडिफाइन्ड मॉडिफायर’ म्हणाला तर फायलींचा क्रम बघा. मटेरियल आधी, वस्तू नंतर. स्केचअप किंवा राइनोमधून एक्स्पोर्ट केलेल्या फायलींत मटेरियलच्या नावात मोकळी जागा राहिली असेल, तरी हीच एरर येते.

हे सगळं हाताने करायचंच कशाला

रेडियन्सबरोबर रॅड नावाचा प्रोग्राम येतो. त्याला डॉट रिफ फाइल (कुठल्या फायली आणि सेटिंग वापरायच्या त्याची यादी) दिली की तो फायलींच्या तारखा तपासतो, गरज असेल तर ऑक्ट्री नव्याने बनवतो आणि त्याबरोबर जुनी अँबियंट फाइलही उडवतो. ६ बाय ४ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीसाठी इतकं पुरतं:

झोन = इंटिरियर ० ६ ० ४ ० ३
मटेरियल्स = सामान.रॅड
सीन = खोली.रॅड आकाश.रॅड
ऑब्जेक्ट्स = खिडकी.रॅड टेबल.रॅड
अँबफाइल = खोली.एएमबी
क्वालिटी = मीडियम
व्हेरिएबिलिटी = हाय
इनडायरेक्ट = ३

झोन, अँबफाइल, क्वालिटी, व्हेरिएबिलिटी आणि इनडायरेक्ट ही नावं मोठ्या अक्षरांत. मटेरियल्स, सीन आणि ऑब्जेक्ट्स लहान अक्षरांत.

यातली ‘ऑब्जेक्ट्स’ ही ओळ लोक गाळतात आणि मग रॅडला नावं ठेवतात. खोली.रॅडच्या आतून एक्सफॉर्म (वस्तू हलवून, फिरवून बसवणारी कमांड) वापरून खिडकी.रॅड बोलावली असेल, तर ती बदलल्याचं रॅडला आपणहून कळत नाही. आतून बोलावलेली प्रत्येक फाइल या ओळीत हवी. नक्की काय चालणार आहे ते आधी बघायचं असेल तर ‘रॅड -एन खोली.रिफ’ चालवा, कमांड नुसत्या छापल्या जातात, चालत नाहीत. क्वालिटी बदललीत तर अँबियंट फाइल स्वतः काढा, त्यासाठी रॅडवर विसंबू नका.

मुंबईचा सूर्य चुकीच्या बाजूला

जुन्या फायली साफ केल्या, तरी ऊन भलत्याच भिंतीवर पडतंय? मग आकाशाची फाइल उघडा. जेनस्कायचं मूळ ठिकाण कॅलिफोर्नियातलं आहे, आणि रेखांश तो पश्चिमेकडे धन मोजतो. मुंबई पूर्वेला, म्हणून रेखांश उणे. भारतीय प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५, तेही उणे:

जेनस्काय ६ २१ १२ +एस -ए १९.०७ -ओ -७२.८८ -एम -८२.५ > सूर्य.रॅड

‘-एम’ विसरलात किंवा दोनपैकी एकाचंच चिन्ह चुकलं, तर प्रमाण रेखावृत्त आणि रेखांश यांत इतक्या तासांचा फरक आहे अशी वॉर्निंग येते, त्यामुळे ती चूक पकडली जाते. खरा धोका दोन्ही आकडे धन दिल्यावर असतो. फरक तेवढाच राहतो, वॉर्निंग येत नाही, फक्त दिशा उलटते. मुंबई प्रमाण रेखावृत्ताच्या ९.६२ अंश पश्चिमेला, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३८.५ मिनिटं मागे. जुनी मुंबई वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती ती याच हिशेबाने. चिन्हं उलटली की ३८.५ मिनिटं मागे जाण्याऐवजी सूर्य तितकाच पुढे जातो. एकूण चूक ७७ मिनिटांची.

ओळखायचं कसं? जेनस्काय आपल्या आउटपुटच्या सुरुवातीला टिपणीच्या ओळींत स्थानिक सौर वेळ, सूर्याची उंची आणि दिगंश (सूर्याची आडवी दिशा) छापतो. वरच्या कमांडला सौर वेळ साधारण ११.३, उंची ८० अंशांच्या आसपास आणि दिगंश उणे ११७ च्या जवळपास यायला हवा. दिगंश इथे दक्षिणेपासून मोजतात, पश्चिमेकडे धन. म्हणजे २१ जूनला घड्याळात बारा वाजता सूर्य ईशान्येच्या अंगाला असतो. दोन्ही चिन्हं चुकली असतील तर उंची जेमतेम अंशभराने बदलते, पण दिगंश धन होतो आणि सूर्य बाराच्या ठोक्यालाच पश्चिमेकडे कललेला दिसतो. म्हणून नुसती उंची बघून ‘बरोबर आहे’ म्हणू नका.

सूर्य उत्तरेला कसा, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर अक्षांशात आहे. मुंबई १९ अंशांवर, सूर्य २३.४ अंशांपर्यंत वर जातो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. गिरणगावातल्या गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं थेट ऊन टाळण्यासाठी उत्तरेला तोंड करून बांधलेली आहेत; तशा छपराचं मॉडेल २१ जूनच्या दुपारी चालवलं आणि उत्तरेच्या उभ्या काचांना उन्हाचा स्पर्शही झाला नाही, तर आकाश चुकलं आहे किंवा मॉडेल फिरलं आहे. रेडियन्समध्ये एक्स म्हणजे पूर्व आणि वाय म्हणजे उत्तर. साइट प्लॅन कागदावर सरळ बसावा म्हणून फिरवलेला असतो, आणि एक्स्पोर्ट करताना तो तसाच येतो.

‘सूर्य खस्वस्तिकाच्या फार जवळ’ ही वॉर्निंग

खस्वस्तिक म्हणजे बरोबर डोक्यावरचा बिंदू. ही वॉर्निंग दिल्लीतल्या लोकांना कधीच दिसत नाही. आपल्याला दर उन्हाळ्यात दिसते. सूर्याची उंची ८७ अंशांच्या वर गेली की जेनस्काय ती कापून ८७ करतो आणि तसं सांगतो. मुंबईत साधारण ५ ते ३१ मे आणि पुन्हा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, माध्यान्हीच्या आसपास हे होतं. शून्य सावलीचे दिवस, १५-१६ मे आणि २७-२८ जुलैच्या सुमाराचे, याच पट्ट्यात येतात. त्या दिवशीही वॉर्निंग जास्तीत जास्त पंचवीसेक मिनिटंच येते, आणि ही वेळ बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या आसपास किंवा त्यापुढे असते.

दुर्लक्ष करावं का? नेहमीच्या खोलीसाठी खुशाल करावं. ३ अंशांच्या फरकाने एक मीटर उंचीमागे सावली ५ सेंटिमीटर सरकते. छज्जाच्या अभ्यासात ते कुणाला कळणारही नाही. पण दाटीच्या इमारतीतला ३० मीटर खोल चौक किंवा डक्ट तपासत असाल, तर तळाशी हाच फरक दीड मीटरहून जास्त होतो. खरं तर ऊन थेट तळाला पोचायला हवं, आणि रेंडरमध्ये ते भिंतीवरच अडकतं. तेवढ्या वेळेपुरती सूर्य.रॅड हाताने दुरुस्त करा: सूर्याच्या सोर्सची शेवटची ओळ ‘४ ० ० १ ०.५’ केली की सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आकाशाच्या तेजाचं सूत्र तीन अंशांनी मागे राहील. चौकाच्या तळाच्या हिशेबात ते चालतं.

आणखी एक. जेनस्काय फक्त सूर्य आणि आकाशाच्या तेजाचं सूत्र लिहितो, आकाशाचा घुमट लिहीत नाही. स्कायफंक (तेच सूत्र) वापरणारा ग्लो, म्हणजे स्वतः उजळणारं मटेरियल, आणि १८० अंशांचा सोर्स, म्हणजे अनंत दूरचा प्रकाशस्रोत, आपण जोडायचा असतो, खालच्या बाजूला जमिनीसाठीही तसाच एक. ते राहिलं तर खिडकीबाहेर काळोख आणि आत फक्त उन्हाचा पट्टा. आणि हे सगळं असूनही खोली काळी असेल तर ‘-एबी’ बघा. आरपिक्टचं मूळ मूल्य शून्य आहे, म्हणजे परावर्तन मोजलंच जात नाही. खोलीसाठी निदान ३, खोल चौकासाठी ५ किंवा जास्त.

भिंतींवर डाग

ढगांसारखे डाग आले की लोक ‘-एडी’ वाढवत सुटतात: ५१२, १०२४, ४०९६. उपयोग होतो, पण त्याआधी मॉडेलचा आकार बघावा. दोन अँबियंट नोंदींमधलं किमान अंतर असं ठरतं: मॉडेलची सर्वांत लांब बाजू गुणिले ‘-एए’, भागिले ‘-एआर’. ‘-एए ०.१’ आणि ‘-एआर २५६’ धरा. इमारत एकटी असेल, ४० मीटरची, तर हे अंतर दीड सेंटिमीटर. आजूबाजूच्या इमारतींसाठी ५०० मीटरची जमीन अंथरली की सुमारे २० सेंटिमीटर. कुणी हौसेने पाच किलोमीटरचा समुद्र टाकला, की जवळजवळ दोन मीटर! चार मीटरच्या खोलीत दोन मीटरवर एक नोंद म्हटल्यावर डाग येणारच, आणि बारीक भिंतीपलीकडचा उजेडही अलीकडे झिरपल्यासारखा दिसणार. ‘गेटइन्फो -डी खोली.ऑक्ट’ मॉडेलला वेढणाऱ्या घनाचा आकार सांगतं. तो अवाढव्य असेल तर जमीन छाटा, क्षितिजापर्यंतचं काम ग्लोच्या सोर्सवर सोडा. छाटणं शक्य नसेल तर ‘-एआर’ त्याच पटीत वाढवा. भिंतींना जाडी द्या. कागदी भिंतीचं मॉडेल इथे नेहमी नडतं.

टर्मिनलच्या किरकोळ कटकटी

‘रेइनिट.कॅल सापडत नाही’ म्हणजे रेपाथ (मोठ्या अक्षरांत) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट नाही. लिनक्सवर बहुतेक वेळा फायली यूएसआर, लोकल, रेडियन्स, लिब या वाटेवर असतात. रेपाथमध्ये ती वाट द्या आणि तिच्या आधी एकटा टिंब व कोलन द्या, नाहीतर चालू फोल्डरमधल्या तुमच्या स्वतःच्या कॅल (सूत्रांच्या) फायली सापडणार नाहीत. विंडोजवर कोलनच्या जागी सेमीकोलन. हाताने चालवल्यावर सगळं ठीक आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) चालवल्यावर हीच एरर, असं होत असेल तर क्रॉन तुमची बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) वाचत नाही हे त्याचं कारण. एक्स्पोर्टच्या ओळी स्क्रिप्टमध्येच लिहा.

विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘>’ ने ऑक्ट्री किंवा चित्र साठवू नका. तो बायनरी आउटपुटला मजकूर समजून त्याचं एन्कोडिंग बदलतो, आणि फाइल बनते पण उघडत नाही. साधी कमांड प्रॉम्प्ट वापरा.

आकडे लक्समध्ये हवे असतील तर आरट्रेसला मोठ्या आयचा ‘-आय’ द्या आणि येणाऱ्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांना आरकॅल्क या हिशेबाच्या कमांडमध्ये अनुक्रमे ४७.४, ११९.९ आणि ११.६ ने गुणून बेरीज करा. तिन्ही गुणकांची बेरीज जवळजवळ १७९ येते. चित्राच्या एक्स्पोजरवरून, म्हणजे नुसतं डोळ्यांनी, कुठलाही निष्कर्ष काढू नका.

रेंडर अर्ध्यात तुटलं

रात्रभर लावलेलं रेंडर वीज जाऊन किंवा एसएसएच तुटून मेलं, तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. अर्धवट चित्र असेल तर:

आरपिक्ट [तेच सगळे पॅरामीटर] -एएफ खोली.एएमबी -आरओ खोली.एचडीआर खोली.ऑक्ट

‘-आरओ’ झालेल्या ओळी उचलतो आणि पुढे त्याच फाइलमध्ये लिहितो. कॅमेरा आणि चित्राचा आकार तो हेडरमधून घेतो. बाकीचे पॅरामीटर मात्र अक्षरशः तेच हवेत, नाहीतर चित्राच्या वरच्या आणि खालच्या भागात जोड दिसेल. इथे ‘-आर’ देऊन ‘>’ ने त्याच फाइलमध्ये आउटपुट वळवू नका: आरपिक्ट सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतं आणि रात्रीचं काम गेलं. या प्रसंगीही अँबियंट फाइल अजिबात काढायची नाही. भिंतींवरचे सगळे हिशेब तिच्यात शाबूत आहेत.

लांब रेंडर टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) लावा, ‘-टी ६०’ आणि ‘-ई खोली.लॉग’ जोडा. दर मिनिटाला किती टक्के झालं ते लॉगमध्ये येतं. दोन-तीन प्रोसेस एकच अँबियंट फाइल वापरणार असतील, तर ती एकाच मशीनच्या स्थानिक डिस्कवर ठेवा. ऑफिसच्या शेअर केलेल्या ड्राइव्हवर फाइल-लॉक नीट चालत नसेल, तर प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतात किंवा नोंदी बिघडतात. आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये ती कधीही ठेवू नका.